वन्संचा पट्टा सुटला तेव्हा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. स्टुलावर चढून पंखा पुसायचा म्हटलं तरी माझे पाय लटपटतात. आणि नशीब बघा, नणंद मिळाली ती आयुष्यभर परांचीवर उभी राहून भिंतींवर अक्षरं रंगवणारी. दुकानांची नावं, गॅरेजच्या पाट्या, शाळेच्या कुंपणावरच्या सूचना, दवाखान्यातले बाण, निम्म्या गावातली अक्षरं त्यांच्या हातची. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, खाली उतरायला सवड झाली की बघू. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याच शेंड्यावर बहुतेक वेळा रंगाचा एक ठिपका.

मी या घरात आले तेव्हा माझ्या शिवणकामाची एक पाटी दारावर लावली होती. वन्संनी ती न विचारता उतरवली, नवी रंगवून लावली आणि वर मलाच सुनावलं की इतक्या किडकिडीत अक्षरांना बघून गिऱ्हाईक उपाशी परत जाईल. तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे भांडण रोज, पण जेवण एकत्र. माझा नवरा आम्हा दोघींच्या मध्ये मूग गिळून बसायचा. त्याला ते छान जमतं.

अशी ही बाई पडली कुठे, तर न्हाणीघरात. बल्ब बदलायला उलट्या बादलीवर चढल्या आणि बादली सरकली. उंचावर कधी साधा ओरखडा नाही, आणि बादलीवरून पडून पाठीचा मणका चेपला. दवाखान्यात त्यांना वेदनेपेक्षा लाज जास्त वाटत होती. कुणी विचारलं कशा पडलात, की त्या म्हणायच्या, "कामावर."

ऑपरेशन टळलं, पण पट्टा आला. पट्टा म्हणायचं आपलं. प्रत्यक्षात ते कडक प्लास्टिकचं कवच होतं, एक तुकडा पाठीला, एक छाती-पोटाला, आणि दोन्ही बाजूंना आवळायच्या पट्ट्या. वर खांद्याच्या हाडांच्या खालपर्यंत, खाली कंबरेच्या हाडापर्यंत. झोपल्या झोपल्या घालायचा. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठीचा तुकडा सरकवायचा, परत उताणं करायचं, पुढचा तुकडा ठेवायचा, मग खालून वर एकेक पट्टी ओढायची. आतून शिवण टोचू नये म्हणून मी त्यांना खास बनियनं शिवून दिली, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. वन्सं म्हणाल्या, आयुष्यभर सरळ अक्षरं काढली आणि शेवटी कपडे उलटे घालायची वेळ आली.

पहिले काही आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाचा अदमासच येईना. दारातून जाताना चौकटीला आपटायच्या. खुर्चीवर बसताना खुर्ची कुठे आहे ते हाताने चाचपायच्या. आपले पाय दिसत नाहीत म्हणून पायरीवर थबकायच्या, आणि मी मागे उभी असले तर माझ्यावरच खेकसायच्या. पण हळूहळू उलटंच झालं. एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या की या पट्ट्यामुळे त्यांना पाठ कळायला लागली आहे. पुढे झुकलं की पोटाशी दाबतं, डावीकडे कललं की बरगडीला लागतं, मागे गेलं की वरची कड खांद्याच्या हाडाखाली चावते. म्हणजे मी कुठे आहे ते मला न बघता समजतं, असं त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर अगदी नवीन खेळणं मिळाल्याचं समाधान. मी हसले. हसायला नको होतं, पण तेव्हा कुणाला काय माहीत.

त्यातच गोदामाचं काम आलं. मोठ्या रस्त्याला लागून तीन मजली उंच भिंत, आणि तिच्यावर गोदामाचं नाव, माणसाएवढी अक्षरं. आजकाल अशी कामं येतात कुठे? सगळे छापील फलक टांगतात, उन्हात फिके पडले की दुसरे टांगतात. गोदामाच्या मालकांच्या वडिलांच्या काळातलं नावही वन्संनीच रंगवलं होतं, म्हणून त्यांनी आठवणीने बोलावलं. उशीर झाला तर फलक लावू, हेही गोड शब्दांत सांगितलं. डॉक्टरांनी तोवर हलकी कामं करायला परवानगी दिली होती. वन्संनी विचारलं, ब्रश तो केवढा, त्याहून हलकं काम कुठलं? एक घाव दोन तुकडे. पट्टा घालून त्या परांचीवर चढल्या.

मी विरोध केला, रडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. शेवटी हात टेकले आणि त्यांच्याबरोबर जायला लागले. शिलाईची कामं सकाळी उरकायची आणि मग रस्त्याच्या पलीकडे फूटपाथवर उभं राहायचं. त्यांना खालून कुणीतरी बघणारं लागतंच. इतकी मोठी अक्षरं जवळून कळत नाहीत, म्हणून खालचा माणूस हाताने खुणा करतो, जरा वर, जरा डावीकडे, पुरे. पण वन्संचा माझ्या खुणांवर विश्वास नव्हता. त्यांची स्वतःची एक पद्धत होती, तरुणपणापासूनची. फळीच्या कडेला यायचं, भिंतीकडे तोंड ठेवून पाठीमागच्या आडव्या नळीला कंबर टेकवायची, आणि पाठ मागे सोडायची. रस्त्यावर अर्धी बाई ओणवी, उलटी ओणवी, आणि डोळे बारीक करून अक्षर न्याहाळायचं. बाकीचे रंगारी हे बघून तोंडात बोटं घालायचे. मी डोळे मिटायचे.

पट्टा असताना मात्र त्या फार मागे जात नव्हत्या. वरची कड चावली की थांबायच्या. कंबरेला बांधायची सुरक्षेची दोरी त्या कवचावरून नीट बसत नव्हती, म्हणून ती त्यांनी परांचीच्या खांबाला अडकवून ठेवली होती. मी त्याबद्दल बोलले तर म्हणाल्या, चावणारा कुत्रा बरोबर आहे, साखळी कशाला? मलाही पटलं. खरं सांगते, त्या दिवसांत माझ्या जिवाला जरा स्वस्थता होती. चावतंय ना, मग थांबतील.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम शिकवला. वर असलेल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. काहीही होवो, ओरडायचं नाही. हाक ऐकली की माणूस दचकून वळतो, आणि वळला की गेला. सांगायचंच असेल तर कामाबद्दल सांगायचं, शांतपणे, भाजी कितीला दिली विचारतो तसं. मी म्हटलं, आणि तुम्ही पडायलाच लागलात तर? त्या म्हणाल्या, तर मग ओरडून काय होणार आहे?

नाव निम्म्यावर आलं आणि डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की हाड जुळलं, आता पट्टा सोडायचा. घालूनच ठेवला तर पाठीचे स्नायू आळशी होतील. मला बरं वाटलं. दवाखान्यातून मी त्यांना सरळ व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. फिजिओबाई लहानखुऱ्या, बोलायला मऊ, पण नजर पक्की. त्यांनी पट्टा काढायला लावला, वन्संना खोलीच्या मधोमध उभं केलं, आणि म्हणाल्या, डोळे मिटा, पुढे झुका, मग परत सरळ व्हा, आणि सरळ झालात की सांगा.

वन्सं झुकल्या, वर आल्या. "झाले," म्हणाल्या.

त्या सरळ नव्हत्या. मी दिवसभर बायकांची मापं घेते, कुणाचा खांदा कुठे उतरलाय ते मला दारातूनच दिसतं. वन्सं मागे गेल्या होत्या आणि जराशा डावीकडे. माझ्याकडे मापाला आलेली बाई अशी उभी राहिली असती तर मी तिला म्हटलं असतं, बाई, भिंतीला टेकू नका. आणि त्यांच्या मागे भिंत नव्हती. चेहरा मात्र शांत होता, खरं बोलणाऱ्या माणसाचा. फिजिओबाईंनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच. मग डोळे उघडून आरशात बघायला सांगितलं तर वन्सं म्हणाल्या, आरसा वाकडा लावलाय.

मला हसू आलं नाही.

फिजिओबाईंनी पट्टा पुन्हा घालायला लावला आणि तेच करून घेतलं. डोळे मिटून, झुकून, वर. या वेळी वन्सं काठीसारख्या सरळ. मग बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. आपण कसे उभे आहोत हे डोळ्यांनीच कळतं असं नाही, स्नायू आणि सांधे आतून सांगत असतात, आणि कातडीवर काही दाबलं की तीही सांगते. वन्संच्या पाठीचे स्नायू पडल्यापासून नीट सांगेनासे झालेत, आणि इतके महिने त्यांची जागा पट्ट्याच्या दाबाने घेतली होती. सगळ्यांचंच असं होत नाही, काहींना पट्ट्याने काहीच फरक पडत नाही, आधी कुणालाच सांगता येत नाही. व्यायामाने हे सुधारेल, पण वेळ लागेल. तोवर उंचावर अजिबात नाही.

"म्हणजे यांना आपण वाकडे आहोत हे कळत नाही?" मी विचारलं.

"कळत नाही," त्या म्हणाल्या. "आणि कळत नाही, हेही कळत नाही."

घरी येताना वन्संनी गोदामाचं नावही काढलं नाही. मला वाटलं, ऐकलं. कसलं काय! पट्टा काढा, हे डॉक्टरांचं तेवढं त्यांनी ऐकलं; उंचावर जाऊ नका, हे फिजिओबाईंचं कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं की दोनच अक्षरं उरलीत, ती झाली की व्यायामच व्यायाम. मी म्हटलं, निदान वर जाताना पट्टा घाला. त्या म्हणाल्या, सुटले एकदाची त्या कवचातून, आता मला परत कासव करू नका. मग मी दोरीचं काढलं. दोरी बांधा, एवढं तरी. त्यावर बघू म्हणाल्या, आणि त्यांच्या बघूचा अर्थ घरातल्या मांजरालाही माहीत होता. मी नवऱ्याकडे वळले. तो पाण्याचा पेला उचलत म्हणाला, तूच सांग तिला, तुझं ती ऐकते. त्या क्षणी दोघांनाही घराबाहेर काढावं असं वाटलं मला.

रात्रभर झोप नाही. डोळ्यांसमोर एकच, वन्सं मागे जातायत आणि चावणारं काही नाही.

सकाळी त्या निघाल्या, तशी मी पण निघाले. मशीनवर अर्धा कुर्ता तसाच टाकला. गोदामाशी पोचलो तेव्हा परांचीच्या खांबाला ती दोरी लोंबकळत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. वन्संनी डबे उचलले आणि भराभरा शिडी चढून गेल्या, पोरीसारख्या. कवचाचा भार नव्हता ना आता. मी रस्ता ओलांडून माझ्या जागेवर उभी राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. त्या भिंतीला नाक लावून काम करत होत्या, निळा रंग भरत होत्या, कड साधत होत्या. मी खुणा करत होते. खांदे मात्र मी सोडले नव्हते नजरेतून. उभ्या असतानाच त्या मागे कललेल्या दिसत होत्या, फिजिओबाईंकडे होत्या तशाच. पण समोर भिंत होती, हात भिंतीवर होता. हात भिंतीवर आहे तोवर ठीक आहे, असं मी मनाला सांगत होते.

मग अक्षर पुरं झालं. वन्संनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला, फळीच्या कडेला आल्या, नळीला कंबर टेकवली, आणि पाठ मागे सोडली.

मी हाताने खूण केली, पुरे. त्यांनी पाहिलं नाही. त्या अक्षर बघत होत्या. पाठ अजून मागे आली. जिथे पट्टा चावायचा ती जागा केव्हाच गेली होती आणि त्या वाट बघत होत्या चावण्याची, असं मला वाटलं, म्हणजे मला ते दिसलंच. चेहऱ्यावर तीच निवांत शांती. एक हात खांबाला नुसता टेकलेला, धरलेला नाही. डोकं नळीच्या कितीतरी बाहेर. मग त्यांच्या टाचा फळीवरून किंचित उचलल्या.

तोंडात किंकाळी आली होती, अगदी दातांपर्यंत. ती मी कशी गिळली ते मला आजही सांगता येत नाही. मधे रस्ता होता, गाड्या होत्या. इथून शांतपणे बोलले असते तर त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि ऐकू जाईल असं ओरडले असते तर त्या वळल्या असत्या. मी रस्त्यात उतरले. कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवला, कुणीतरी शिवी दिली. धावायचं नव्हतं, धावणारं माणूसही वरच्याला दचकवतं. मी चालत गेले. जगातलं सगळ्यात लांबलचक चालणं होतं ते. परांचीच्या खाली पोचले आणि वर न बघता, जसं काही घरच्या ओट्याशी उभी आहे तशी बोलले.

"खालच्या कडेला ओघळ आलाय. निळा. तुमच्या गुडघ्यापाशी."

ओघळ म्हणजे रंगाचा ओघळ, वाळायच्या आत पुसला नाही तर अक्षराचा सत्यानाश. कुठल्याही रंगाऱ्याला या शब्दावर विचार करावा लागत नाही. अंग आपोआप जातं. वर फळी करकरली. मी डोळे मिटले. काही पडलं नाही. मी डोळे उघडले तर वन्सं गुडघ्यावर बसल्या होत्या, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात फडकं, आणि ओघळ शोधत होत्या.

"कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

मी परांचीची नळी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती नळी थरथरत होती. माझ्यामुळे थरथरत होती. त्यांना ते वर जाणवलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे नळीकडे पाहिलं, मग फळीच्या कडेला, जिथे त्या उभ्या होत्या तिथे. मग एकेक पायरी करून खाली आल्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, लहान मूल उतरतं तशा.

मी त्यांना नाही नाही ते बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पण मोठ्या नणंदेला बोलू नये असं सगळं. गोदामातले हमाल दारात येऊन बघायला लागले. वन्संनी मधे तोंड उघडलं नाही, हेच किती भयंकर होतं! त्यांनी एकदा तरी उलट फटकारलं असतं तर माझ्या जिवात जीव आला असता. माझं बोलणं संपलं, मग त्या हळूच म्हणाल्या,

"मी सरळ उभी होते गं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या, हट्ट करत नव्हत्या. मी पाहिलं ते आणि त्यांना आतून कळलं ते, या दोन्हींत त्यांना स्वतःचं खरं वाटत होतं आणि तरी माझं खरं मानावं लागत होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांत मी त्या चेहऱ्यावर राग पाहिला, थकवा पाहिला, दुखणं पाहिलं. भीती पहिल्यांदा पाहिली. आणि ती बघून मला माझ्या भीतीपेक्षा जास्त भीती वाटली, कारण आमच्या घरात भिण्याचं काम माझं होतं.

"आत्ता?" त्यांनी विचारलं. "आत्ता मी सरळ आहे?"

त्या सपाट फूटपाथवर उभ्या होत्या. मागे कललेल्या, डावीकडे उतरलेल्या.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पाय जरा रुंद केले. हाताने मागे काहीतरी चाचपलं, धरायला काही नव्हतं. घरी जायचं तर रस्ता ओलांडायचा होता, आणि त्यांना पहिलं पाऊल टाकवेना. मी सरकून त्यांच्या मागे गेले आणि खांद्याच्या हाडांच्या खाली, पाठीवर तळहात टेकवला. जोर नाही लावला, नुसता टेकवला. त्या एकदम थांबल्या. मग हळूहळू पुढे आल्या, अगदी थोड्या, आणि सरळ झाल्या.

"असाच ठेव," त्या म्हणाल्या.

मी ठेवला. त्यांचा श्वास माझ्या हाताखाली जात-येत होता. समोर गाड्या थांबायचं नाव घेईनात. आम्ही तशाच उभ्या राहिलो. माझं मनगट भरून आलं, मग कोपर, मग खांद्यातून कळ यायला लागली. हात बदलायला हवा होता. दुसरा हात मोकळाच होता, बाजूलाच होता. पण एक हात काढून दुसरा टेकवेपर्यंत त्या कुठे असतील, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी हात बदलला नाही.